बालमेंदूचे चित्र आणि स्वमग्नता : सीमाभागातील कुटुंबांसाठी काही विचार

(बेळगाव-निपाणी परिसरातील अंगणवाडी सेविका, प्राथमिक शिक्षक व पालक यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दोन वर्षे उलटून गेली तरी मूल बोलत नाही, हाक मारली असता वळून पाहत नाही, इतर मुलांत मिसळत नाही, एखादे चाक किंवा झाकण तासन्‌तास फिरवीत बसते. अशा वेळी बेळगाव-निपाणी भागातील घरांत साधारणतः तीन उत्तरे ऐकू येतात. पहिले उत्तर आज्जीचे असते : मुलाचा बापही उशिराच बोलला होता, तेव्हा काळजी करण्याचे कारण नाही. दुसरे उत्तर शेजारपाजारचे असते : आई दिवसभर विड्या वळण्यात अथवा तंबाखूच्या वखारीत गुंतलेली, मग मुलाशी बोलणार कोण? तिसरे उत्तर बहुधा शिकलेल्या माणसांकडून येते : घरात मराठी, गल्लीत कन्नड, दूरदर्शनवर हिंदी आणि बालवाडीत इंग्रजी, एवढ्या भाषांत मूल गोंधळून गेले आहे, त्यातील एखादी भाषा बंद करावी.

ही तिन्ही उत्तरे सद्‌हेतूनेच दिली जातात. तथापि पहिल्या उत्तराने मोलाचा काळ वाया जातो, दुसऱ्याने आईच्या पदरी अकारण अपराध पडतो आणि तिसऱ्याने मुलाची मातृभाषा तुटते. यांपैकी कोणते उत्तर कितपत खरे आहे, याचा उलगडा गेल्या अर्धशतकातील बालमेंदूच्या अभ्यासाने, विशेषतः मेंदूच्या प्रतिमाचित्रणाने, पुष्कळ अंशी केला आहे. त्या अभ्यासाचा सारांश आणि त्यातून घराघरांत उपयोगी पडणारा बोध येथे मांडावयाचा आहे.

दोषारोपाचा इतिहास

१९४३ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. ही मुले आपल्याच विश्वात रमणारी, माणसांपेक्षा वस्तूंत गुंतणारी आणि ठरलेल्या क्रमात थोडाही बदल झाला की अस्वस्थ होणारी होती. या अवस्थेस ‘ऑटिझम’ हे नाव रूढ झाले. मराठीत तिला स्वमग्नता म्हणतात. ही स्थिती जन्मजात असावी, असे कॅनर यांनी त्याच लेखात सुचविले होते. इतकेच नव्हे, तर ११ पैकी ५ मुलांची डोकी तुलनेने मोठी असल्याची नोंदही त्यांनी केली होती.

परंतु पुढील दोन दशकांत या नोंदीकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. मुलांच्या पालकांत आढळणाऱ्या अलिप्तपणाविषयी कॅनर यांनी लिहिलेल्या वाक्यांवरच भर देण्यात आला आणि आईच्या थंड, प्रेमशून्य वागणुकीमुळे मूल स्वमग्न होते, असे मत बळावले. असंख्य मातांनी हा कलंक मुकाट्याने सोसला. १९६४ साली बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने या मताचे साधार खंडन केले. ते स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. १९७७ साली सुसान फोल्स्टाईन व मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या प्रत्येक जोडीतील निदान एक मूल स्वमग्न होते. एकाच बीजापासून जन्मलेल्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न आढळली; भिन्न बीजांच्या १० जोड्यांत मात्र असे एकही उदाहरण नव्हते. स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे या अभ्यासाने दाखविले. पुढील मोठ्या अभ्यासांनी ते अधिक दृढ केले.

मेंदूची विरळणी

जन्मतः मुलाचा मेंदू साधारण ३५० ते ४०० ग्रॅम वजनाचा असतो. दोन वर्षांच्या अखेरीस तो प्रौढ मेंदूच्या आकारमानाच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंत पोहोचतो. शरीराचा दुसरा कोणताही महत्त्वाचा अवयव इतक्या वेगाने पूर्णत्वाकडे जात नाही. या काळात चेतापेशींमधील परस्पर जोडण्या फार मोठ्या संख्येने तयार होतात. १९७९ साली पीटर हटनलॉकर यांनी मेंदूच्या पुढील भागातील या जोडण्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या. त्यांची दाटी लहान मुलात प्रौढापेक्षा अधिक असते आणि पुढे ती क्रमाने कमी होत जाते, असे त्यांना आढळले.

शेतकऱ्यास ही गोष्ट नवी वाटू नये. ज्वारीची उगवण दाट झाली की तो विरळणी करतो. जोमदार रोपे ठेवून बाकीची उपटतो आणि त्यामुळेच पीक चांगले येते. मेंदूतही तसेच घडते. ज्या जोडण्या पाहण्याने, ऐकण्याने, स्पर्शाने आणि बोलण्याने वारंवार वापरल्या जातात, त्या पक्क्या होतात. न वापरलेल्या झडून जातात. स्वमग्न मुलांच्या मेंदूत ही वाढ व विरळणी निराळ्या गतीने होत असावी, असे मानण्यास आता पुष्कळ आधार मिळाला आहे.

जिवंत मेंदूचे चित्र

पूर्वी मेंदूच्या रचनेचा अभ्यास बहुतांशी मृत्यूनंतरच शक्य होता. १९७१ साली लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्यांदा एका रुग्णाच्या मेंदूचे क्ष-किरणांद्वारे छेदचित्र घेण्यात आले. त्यालाच सी.टी. स्कॅन म्हणतात. १९७३ साली पॉल लॉटरबर यांनी चुंबकीय अनुस्पंदनाच्या साहाय्याने प्रतिमा घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. हीच आजची एम.आर.आय. तपासणी होय. या कार्याबद्दल लॉटरबर व पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या पद्धतीत क्ष-किरण वापरले जात नाहीत. शरीरातील पाण्याच्या रेणूंत जे हायड्रोजनचे अणू असतात, ते बलवान चुंबकाच्या क्षेत्रात रेडिओलहरींना जो प्रतिसाद देतात, त्यावरून चित्र तयार होते. म्हणूनच संशोधनासाठी तान्ह्या मुलांच्या मेंदूचेही चित्रण करता येते. बाळ नैसर्गिक झोपेत असताना, यंत्राचा कर्कश आवाज पोहोचू नये म्हणून त्याचे कान झाकून, हे काम केले जाते.

२००१ साली एरिक कूर्शेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की, दोन ते चार वर्षांच्या अनेक स्वमग्न मुलांचा मेंदू समवयस्कांपेक्षा आकाराने मोठा असतो. कॅनर यांच्या जुन्या नोंदीचा अर्थ अशा रीतीने जवळजवळ ६० वर्षांनी उमगू लागला.

पुढील महत्त्वाचा अभ्यास अमेरिकेतील अनेक केंद्रांनी मिळून केला आणि तो २०१७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्यांचे थोरले भावंड स्वमग्न आहे अशी १०६ बालके आणि तसा धोका नसलेली ४२ बालके यांच्या मेंदूची चित्रे ६, १२ व २४ महिन्यांच्या वयात घेण्यात आली. १०६ पैकी १५ बालकांत दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस स्वमग्नतेचे निदान झाले. या बालकांच्या मेंदूच्या बाह्य आवरणाचे क्षेत्रफळ ६ ते १२ महिन्यांच्या काळातच नेहमीपेक्षा वेगाने वाढले होते आणि दुसऱ्या वर्षी संपूर्ण मेंदूचा आकारही अधिक वाढला होता. त्याआधी २०१३ साली वॉरन जोन्स व अ‍ॅमी क्लिन यांनी नजरेचा मागोवा घेणाऱ्या यंत्राने बालकांचा अभ्यास केला होता. पुढे स्वमग्न ठरलेली बालके माणसाच्या डोळ्यांकडे पाहण्याचे प्रमाण दोन ते सहा महिन्यांच्या वयापासूनच कमी करू लागतात, असे त्यात दिसले.

या सर्व संशोधनाचा सर्वांत मोठा सामाजिक अर्थ असा की, स्वमग्नतेचा आरंभ मूल पहिला शब्द उच्चारण्याच्या पुष्कळ आधी होतो. ज्या वयात बाळाला अजून शाळा ठाऊक नाही, दुसरी भाषा बोलण्याचा प्रश्न नाही, त्या वयातच मेंदूची वाट निराळी होऊ लागलेली असते. आईची नोकरी, तिचा स्वभाव किंवा घरातील दोन भाषा यांवर ठपका ठेवण्यास यात कोठेही जागा उरत नाही. गोवराच्या लसीसंबंधीचा प्रवादही असाच निराधार ठरला आहे. तो ज्या १९९८ सालच्या लेखातून पसरला, तो लेख नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला.

चित्राची मर्यादा

येथे एक सावधगिरीची सूचना देणे आवश्यक आहे. मेंदूचे चित्र काढून एखाद्या मुलास स्वमग्नता आहे किंवा नाही हे सांगता येईल, अशी स्थिती आजही आलेली नाही. वर सांगितलेला २०१७ सालचा अभ्यास फक्त स्वमग्न मुलांच्या धाकट्या भावंडांपुरता होता. सर्वसामान्य बालकांना तो जसाच्या तसा लागू होत नाही. १९८८ साली लहान मेंदूच्या एका भागात आढळलेला फरक पुढील अनेक अभ्यासांत तितक्या स्पष्टपणे दिसला नाही. २०१२ साली तर असे निदर्शनास आले की, यंत्रात मुलाने डोके किंचित हलविले तरी मेंदूच्या भागांमधील संबंधांचे चित्र बदलते आणि नसलेला फरक असल्यासारखा भासतो. स्वमग्न मुलांमध्ये परस्परांत इतकी विविधता असते की, सरासरीत दिसणारा फरक एकेका मुलात दिसेलच असे नाही.

याचा व्यवहारातील अर्थ महत्त्वाचा आहे. पदरमोड करून, प्रसंगी कर्ज काढून पालक मुलाची एम.आर.आय. तपासणी करून घेतात. लहान मुलास त्यासाठी बहुधा गुंगीचे औषध द्यावे लागते. अहवालात ‘मेंदू नॉर्मल’ असे शब्द आले की घरात आनंद होतो आणि मुलाला काही झालेले नाही अशी समजूत करून घेतली जाते. ही समजूत चुकीची आहे. बहुसंख्य स्वमग्न मुलांचे नेहमीच्या तपासणीतील चित्र सर्वसाधारणच दिसते. फिट्स येणे, डोक्याचा आकार फार वेगळा असणे, एखाद्या अंगात कमजोरी असणे अशी कारणे असतील तर डॉक्टर ही तपासणी सांगतात आणि ती अवश्य करावी. केवळ स्वमग्नतेच्या निदानासाठी मात्र तिचा उपयोग नाही.

निदान होते ते मुलाच्या निरीक्षणाने आणि पालकांशी केलेल्या सविस्तर बोलण्याने. भारतात यासाठी सिकंदराबाद येथील राष्ट्रीय संस्थेने तयार केलेले ४० प्रश्नांचे भारतीय स्वमग्नता मूल्यमापन परिमाण वापरले जाते. त्यात ७० किंवा अधिक गुण आल्यास स्वमग्नता मानली जाते. या प्रश्नांची उत्तरे यंत्राजवळ नसतात. ती मुलासोबत दिवस काढणाऱ्या माणसांजवळ असतात.

दोन भाषांचा प्रश्न

सीमाभागातील मूल दोन-तीन भाषा कानांवर घेतच मोठे होते. निपाणीच्या बाजारात एकाच दुकानात मराठी, कन्नड व उर्दू ऐकू येणे ही नित्याची गोष्ट आहे. यामुळे मुलाच्या बोलण्यास कायमची बाधा येते असा पुरावा नाही. कॅनडातील माँट्रियल शहरही असेच बहुभाषिक आहे. तेथील संशोधकांनी एका भाषेत वाढणाऱ्या व दोन भाषांत वाढणाऱ्या स्वमग्न मुलांची तुलना केली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन भाषांत वाढणारी मुले भाषिक विकासात मागे पडल्याचे दिसले नाही.

यास्तव “घरात मराठी बंद करा, शाळेचीच भाषा बोला” किंवा “कन्नड बंद करा” असा सल्ला देताना शिक्षकांनी फार विचार करावा. आई ज्या भाषेत सहज हसते, रागावते, लाड करते, ती भाषा तिच्याकडून काढून घेतली तर घरातील बोलणेच आटते. जे मूल आधीच माणसांच्या बोलण्याकडे कमी वळते, त्याच्या वाट्याला मग आणखी कमी शब्द येतात. घरची भाषा मराठी असो वा कन्नड, ती मोकळेपणाने आणि भरपूर बोलली जावी, हेच मुलाच्या हिताचे आहे.

घरातील खेळाचे सामर्थ्य

मेंदू घडत असताना घरातील साध्या खेळांचा किती उपयोग होतो, याचा एक दाखला बेळगावातच आहे. बेळगावचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९६३ साली स्थापन झाले. या महाविद्यालयाने पाकिस्तान व झांबिया येथील केंद्रांसह एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात भाग घेतला. जन्मताच श्वास न घेतल्यामुळे ज्यांना कृत्रिम रीतीने श्वास द्यावा लागला अशी, तसेच सुखरूप जन्मलेली बालके त्यासाठी निवडण्यात आली. काही कुटुंबांना केवळ आरोग्यविषयक माहिती देण्यात आली. उरलेल्या कुटुंबांकडे प्रशिक्षित कार्यकर्त्या दर पंधरवड्यास घरी जाऊन, मुलाच्या वयाला साजेसे खेळ आईला शिकवीत. हा क्रम मूल तीन वर्षांचे होईपर्यंत चालला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, जन्मतः गुदमरलेल्या मुलांपैकी ज्यांच्या घरी हे खेळ शिकविले गेले, त्यांचा मानसिक विकास तिसऱ्या वर्षी इतरांपेक्षा सरस आढळला. हा अभ्यास स्वमग्नतेचा नव्हता. परंतु ग्रामीण भागातील आई योग्य मार्गदर्शन मिळाल्यास काय करू शकते, हे त्यातून सिद्ध झाले.

स्वमग्न मुलांसंबंधीचा दाखला चोर्ला घाटापलीकडे, गोव्यात सापडतो. गोवा व पाकिस्तानातील रावळपिंडी येथे दोन ते नऊ वर्षे वयाच्या ६५ स्वमग्न मुलांवर केलेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. यात पालकांना शिकविणारे तज्ज्ञ डॉक्टर नव्हते, तर प्रशिक्षण दिलेले सामान्य आरोग्य कार्यकर्ते होते. सहा महिन्यांत १२ बैठकींद्वारे, मुलाशी खेळतानाचे दृक्‌चित्रण पालकांना दाखवून, मूल कोठे पाहते, काय सुचविते आणि त्यास कसा प्रतिसाद द्यावा हे समजाविण्यात आले. परिणामी पालक मुलाच्या कलाने वागू लागले आणि मूल आपण होऊन अधिक वेळा संवाद सुरू करू लागले.

अशा खेळांना पैसा लागत नाही. पदराआड तोंड लपवून ‘भो’ करणे, वाटीत चमचा वाजविणे, भाजी निवडताना शेंग मुलाच्या हाती देऊन तिचे नाव घेणे, मूल ज्या वस्तूकडे पाहते तिच्याविषयीच बोलणे आणि बोलून झाल्यावर त्याच्या उत्तराची थोडी वाट पाहणे, एवढे पुरे असते. विड्या वळताना आईचे हात गुंतलेले असले तरी तिचा शब्द मोकळा असतो. भ्रमणध्वनीच्या पडद्यामुळे स्वमग्नता होते असे सिद्ध झालेले नाही. परंतु त्यावर गेलेले तास या खेळातून वजा होतात, हे विसरू नये.

निपाणी परिसरासाठी तंबाखूविषयी एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगणे योग्य ठरेल. तंबाखू हे स्वमग्नतेचे कारण असल्याचे ठरलेले नाही. परंतु गरोदरपणी मशेरी लावणे किंवा तंबाखू खाणे गर्भाच्या वाढीस निश्चित बाधक आहे. मुंबईतील गर्भवतींच्या २००४ सालच्या एका अभ्यासात, अशा सेवनामुळे नवजात बालकाचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने घटल्याचे दिसले. पोटासाठी तंबाखूत राबणाऱ्या स्त्रीस दोष देण्याचा येथे हेतू नाही; गरोदरपणी मशेरी सोडण्यास तिला घरच्यांनी साथ द्यावी आणि धुळीच्या कामापासून तिला दूर ठेवावे, एवढेच सांगावयाचे आहे.

काय पाहावे, कोठे जावे

उत्तर गोव्यासह देशातील पाच ठिकाणी झालेल्या व २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, दोन ते नऊ वर्षांच्या मुलांत स्वमग्नतेचे प्रमाण शंभरांत साधारण एक एवढे आढळते. म्हणजे मोठ्या गावातील अंगणवाडीत वा शाळेत असे एखादे मूल असणे अगदी संभवनीय आहे. खालील खुणा लक्षात ठेवाव्यात :

१. वर्षाचे मूल आपल्या नावाच्या हाकेला वळून पाहत नाही.
२. सव्वा ते दीड वर्षाचे मूल हवी ती वस्तू बोटाने दाखवीत नाही, ‘टाटा’ करीत नाही.
३. दीड वर्षापर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून जोडलेले दोन शब्द नाहीत.
४. कोणत्याही वयात, येत असलेले बोलणे किंवा हसणे-मिसळणे नाहीसे झाले.

यांपैकी काहीही आढळल्यास थांबू नये. सर्वप्रथम मुलाच्या कानांची तपासणी करावी, कारण ऐकू न येणारे मूलही हाकेला वळत नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या व शाळांत येतात. त्यांच्या तपासणीत विकासातील विलंब व स्वमग्नता यांचा समावेश आहे. पुढील तपासणीसाठी जिल्हास्तरावरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राची योजना आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ दिव्यांगत्वांत स्वमग्नतेचा अंतर्भाव आहे. या कायद्यानुसार दिलेले प्रमाणपत्र देशभर ग्राह्य असते. उपचारासाठी एकदा बेळगावला आणि एकदा कोल्हापूर-मिरजेला जाणाऱ्या सीमाभागातील कुटुंबांनी ही तरतूद विशेष ध्यानात घ्यावी. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या मुलास ६ ते १८ वर्षे वयापर्यंत जवळच्या अथवा विशेष शाळेत विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विम्याची सोय आहे.

स्वमग्नता हा औषधाने बरा होणारा आजार नव्हे; ती मेंदूच्या घडणीची एक निराळी रीत आहे. मात्र लवकर ओळख पटली, घरात समजून घेणारी माणसे मिळाली आणि शाळेने दार उघडे ठेवले, तर अशी मुले पुष्कळ शिकतात आणि आपले स्थान मिळवितात. मेंदूच्या चित्रणाने आईला आणि तिच्या भाषेला दोषमुक्त केले आहे. पुढचे काम यंत्राचे नसून माणसांचे आहे. बाळ हाकेला वळते की नाही, हे सर्वांत आधी घरालाच कळते. ते कळताच त्याच आठवड्यात अंगणवाडीचा किंवा दवाखान्याचा रस्ता धरला जावा, एवढीच या विवेचनामागील अपेक्षा आहे.